निरगुडीच्या पाण्याची आंघोळ

बाळंतिणीला सव्वा महिना पाल्याच्या कढत पाण्याने न्हाऊ घालण्याची रीत माझ्या माहेरी, पाटण तालुक्यातल्या कोयनाकाठच्या गावात, अजून नेमाने पाळली जाते. माझ्या मुलीचा जन्म कार्तिकात झाला, आणि त्यानंतरचा सगळा काळ मी या रीतीप्रमाणे काढला. या आंघोळीचे कौतुक पुष्कळ ऐकायला मिळते आणि तिला नावे ठेवणारेही पुष्कळ भेटतात. परंतु ती प्रत्यक्षात कशी करतात, त्यातली कोणती गोष्ट कशासाठी असते आणि कोणती गोष्ट निश्चयाने टाळावी लागते, हे क्रमाने सांगितलेले मला बाळंतपणाआधी कुठे वाचायला मिळाले नव्हते. ज्यांच्या घरी आता असा प्रसंग येणार आहे त्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून मी हे लिहीत आहे.

माझी प्रसूती रुग्णालयात, नैसर्गिक झाली होती, पण खाली टाके पडले होते. घरी सोडताना मी डॉक्टरांना या आंघोळीविषयी स्पष्टपणे विचारले. त्यांनी सांगितले की अंगावरून गरम पाणी ओतून घ्यायला हरकत नाही, मात्र टाके पूर्ण भरून येईपर्यंत टबात किंवा घंगाळात बसायचे नाही, टाक्यांच्या जागेला तेल आणि पीठ लागू द्यायचे नाही आणि आंघोळीनंतर ती जागा स्वच्छ कापडाने टिपून कोरडी ठेवायची. या सूचना मी आईला आणि न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगितल्या. मावशींचे वय सत्तरीच्या पुढचे असावे आणि आमच्या भावकीतल्या दोन पिढ्यांच्या बाळंतिणी त्यांच्या हातून न्हाल्या आहेत. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "टाक्याला मी हात लावायची न्हाई. माझं काम पाठ, कंबर आन् पायाशी हाय." या एका वाक्याने माझी निम्मी धास्ती गेली.

निरगुडी आमच्याकडे ओढ्याच्या काठाने आणि शेताच्या बांधाला मुबलक उगवते. गुरे-शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपण म्हणूनही ती लावतात. एका देठावर तीन किंवा पाच लांबट पानांचा पंजा असतो, पानाची वरची बाजू हिरवी आणि खालची पांढुरकी असते, फुलांचे तुरे फिकट निळसर असतात, आणि पान चुरगळले की एक उग्र, किंचित कडवट वास हाताला लागतो, जो साबणानेही चटकन जात नाही. हा वास तिच्यातल्या उडून जाणाऱ्या तेलाचा असतो. धान्याच्या कणगीत कीड लागू नये म्हणून हाच पाला घालतात, यावरून त्याच्या गुणाची कल्पना यावी. वडील सकाळी कोवळ्या फांद्या तोडून आणत, आई तो पाला दोन पाण्यांतून धुऊन घेई आणि त्यात मूठभर कडुनिंबाचा पाला मिसळी. काही घरांत एरंडाची पाने आणि चिंचेचा पालाही घालतात, परंतु आमच्याकडे निरगुडी मुख्य.

पाणी तापवण्याची रीत मी मुद्दाम उठून पाहिली, कारण मला वाटत होते तितकी ती सरधोपट नाही. तांब्याच्या हंड्यात आधी नुसते पाणी चुलीवर चढवले जाई. त्याला चांगली उकळी फुटली की मगच पाला सोडून वर झाकण ठेवत, जाळ ओढून घेत आणि हंडा निखाऱ्यावर तसाच मुरू देत. झाकण का ठेवायचे, असे विचारल्यावर मावशी म्हणाल्या की वास बाहेर गेला तर पाण्यात काय राहिले. ओळखीच्या वैद्यांना मी पुढे हे सांगितले, तेव्हा त्यांनी त्याची शास्त्रातली बाजू समजावली. आयुर्वेदात पाने-फुले यांसारख्या नाजूक द्रव्यांचा फांट करतात, म्हणजे कढत पाणी घालून ती झाकून मुरवतात, आणि मुळे, साली, लाकूड अशा कठीण द्रव्यांचा क्वाथ करतात, म्हणजे ती बराच वेळ उकळून पाणी आटवतात. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात क्वाथासाठी द्रव्याच्या सोळा पट पाणी घेऊन ते आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायला सांगितले आहे. पाला तासभर खळखळ उकळला तर त्यातले तेल वाफेबरोबर निघून जाते, आणि मुळे नुसती मुरवली तर त्यांचा अंश पाण्यात नीट उतरत नाही. मावशींनी यातला कोणताही ग्रंथ वाचलेला नव्हता, तरी त्यांची कृती नेमकी तीच होती, याचा मला फार आदर वाटला.

मुरल्यावर पाणी कोऱ्या चहासारखे होई. ते जुन्या धोतराच्या स्वच्छ फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घेत, म्हणजे पानांचे कण आणि काड्या अंगाला लागत नाहीत. यानंतर विसण, म्हणजे कढत पाणी सोसेल असे करायला गार पाणी, घालायचे. इथे डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट आम्ही रीतीत नव्याने घातली. पाल्याचे पाणी उकळलेले असते, पण विसणाचे पाणी आडाचे किंवा नळाचे, तसेच कच्चे घेतले जाते. बाळंतिणीच्या शरीरात त्या दिवसांत जखम असते, गर्भाशयाची आतली बाजूही भरून यायची असते, आणि जंतूंना तिथे शिरायला वाट असते. म्हणून आदल्या रात्री पाणी उकळून, झाकून, निववून ठेवायचे आणि तेच विसणाला वापरायचे, असे ठरले. बाळंतिणीला हात लावणाऱ्याने आधी साबणाने हात धुवायचे, हेही ठरले. व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी 1847 साली प्रसूती करणाऱ्यांना क्लोरीनच्या द्रावणात हात धुवायला लावले, आणि बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रियांची संख्या झपाट्याने खाली आली. इतका साधा उपाय इतके जीव वाचवतो, तर त्यात संकोच कसला. मावशींनी तर हातातल्या काचेच्या बांगड्याही काढून ठेवल्या.

आंघोळीपूर्वी तेल लावले जाई. तिळाच्या तेलात ओवा आणि लसणाच्या पाकळ्या घालून ते कडकडीत करायचे आणि कोमट झाल्यावर अंगाला चोळायचे. मावशी तळपायापासून वर सरकत, पोटऱ्या, मांड्या, मग कंबर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजू, खांदे, आणि सर्वांत शेवटी डोके. पोटावर त्या फक्त हात फिरवीत, दाब देत नसत. गरोदरपणात सांध्यांचे बंध संप्रेरकांच्या परिणामाने सैल झालेले असतात आणि प्रसूतीनंतर ते लगेच पूर्ववत होत नाहीत. त्यामुळे जोरात रगडणे, सांधे ओढणे किंवा कंबर मोडून घेणे या दिवसांत योग्य नाही. काही ठिकाणी बाळंतिणीच्या पोटावर पाय देऊन दाबतात असे मी ऐकले आहे, आणि ते कुणीही करून घेऊ नये असे मला ठामपणे वाटते.

न्हाणीत लाकडी पाटावर बसवून मावशी तांब्याने पाणी ओतायला सुरुवात करीत. आधी पायांवर, मग मांड्यांवर, मग कमरेवर, आणि अंगाला उष्णता सवयीची झाली की खांद्यांवरून पाठीवर सलग धार. धार मध्ये तुटू द्यायची नाही, यावर त्यांचा कटाक्ष होता. पाणी हाताच्या कोपराने तपासले जाई. आमच्याकडे तापमापक होता म्हणून मी मोजून पाहिले तर ते 40 अंश सेल्सिअसच्या आसपास असे. पाणी "सोसेल तितके कढत" असावे असा आग्रह पुष्कळ ठिकाणी धरतात, परंतु कातडी लाल होऊन चुरचुरेल इतक्या तापलेल्या पाण्याने अधिक गुण येत नाही, भाजण्याचा धोका मात्र वाढतो.

पहिल्या दिवशी माझे सारे अंग आखडलेले होते. रुग्णालयातला पलंग, टाक्यांमुळे एका अंगावर रेलून बसणे, रात्र-रात्र बाळाला घेऊन वाकलेली मान, या सगळ्याने कंबर आणि खांदे दगडासारखे ताठले होते. "पोरी, अंग आखडून धरू नगंस, सैल सोड," असे मावशी पुन्हा पुन्हा सांगत होत्या आणि ते माझ्याने होत नव्हते. पाण्याची धार कमरेच्या खालच्या भागावर काही वेळ सलग पडत राहिली, तेव्हा तिथला ताण आपोआप सुटत गेला. निरगुडीच्या वाफेने नाक मोकळे झाले. बाहेर आल्यावर कपाळावर घाम फुटला, आणि त्या दुपारी मला प्रसूतीनंतरची पहिली गाढ झोप लागली. पुढच्या काही दिवसांत उठताना कमरेत येणारी कळ कमी होत गेली, पायांवरची सूज ओसरली आणि हाताच्या बोटांचा सकाळचा ताठरपणा गेला. यातली सूज पाण्याशिवायही ओसरली असती, कारण प्रसूतीनंतर शरीरात साठलेले जास्तीचे पाणी लघवीवाटे आणि घामावाटे बाहेर पडतच असते. कमरेचा आणि झोपेचा आराम मात्र या आंघोळीचा होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

आणखी एक लाभ मला अपेक्षित नव्हता. सुरुवातीला दूध उतरायला वेळ लागत होता आणि छाती दगडासारखी घट्ट होऊन दुखत होती. आंघोळीत खांद्यांवरून येणारे कोमट पाणी छातीवरून वाहू लागले की दूध सहज पाझरू लागे, आणि न्हाऊन आल्यावर लगेच बाळाला घेतले की तिला ओढायला सोपे जाई. उबेने आणि मन निवांत झाल्याने दूध उतरायला मदत होते, हे रुग्णालयातल्या परिचारिकेनेही सांगितले होते. बाळ पिऊ लागले की पोटात कळा येत, कारण त्या वेळी गर्भाशय आकसत असतो. गरम पाण्याने त्या कळा सुसह्य होत.

न्हाणीतून बाहेर आल्यावर अंग टिपून, धुतलेल्या जुन्या सुती लुगड्याने पोट बांधले जाई. हे मला आधी निव्वळ बांधा सुधारण्याचे खूळ वाटत होते. चरकसंहितेच्या शारीरस्थानातल्या आठव्या अध्यायात मात्र सूतिकेच्या, म्हणजे बाळंतिणीच्या, परिचर्येत हाच क्रम दिलेला आहे. तिचे पोट मोठ्या, स्वच्छ वस्त्राने वेढावे, म्हणजे रिकाम्या झालेल्या जागेत वायू विकार उत्पन्न करणार नाही, असे तिथे म्हटले आहे. आणि स्नेह, म्हणजे तूप-तेल, व पेज देण्यापूर्वी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा तिला उष्णोदकाने परिषेक करावा, असेही सांगितले आहे. परिषेक म्हणजे अंगावर धारेने पाणी ओतणे. मावशींचा तांब्या आणि ते वचन यांच्यामध्ये कितीतरी शतकांचे अंतर आहे, आणि तरी कृती एकच आहे. बांधलेल्या पट्ट्याने मला उठता-बसताना आधार वाटे. तो श्वास घेता येईल इतकाच घट्ट असावा आणि जेवताना सैल करावा, एवढे पथ्य आम्ही पाळले.

त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानात, चौदाव्या अध्यायात, स्वेदनाचा, म्हणजे शेकून घाम आणण्याच्या उपचाराचा, विचार विस्ताराने आला आहे. अग्नीच्या साह्याने द्यायच्या स्वेदाचे तेरा प्रकार तिथे आहेत, आणि त्यांत परिषेकाबरोबर अवगाहन, म्हणजे काढ्यात बसणे, हाही आहे. मला त्यातला सर्वांत मोलाचा भाग वाटला तो कुणाला स्वेदन देऊ नये याचा. गर्भिणी, रक्तपित्ताचा (शरीरातून रक्त जाण्याच्या विकाराचा) रुग्ण, अतिसार झालेला, भुकेला, तहानलेला अशांना ते वर्ज्य सांगितले आहे. परंपरेच्या नावाने जे "कुणालाही, कितीही, केव्हाही" असे सांगतात, त्यांनी परंपरेचाच हा भाग वाचायला हवा. गरोदरपणी कढत पाण्यात बसणे टाळावे, हे आजचे डॉक्टरही सांगतात. थंडी, वेदना, ताठरपणा आणि जडपणा गेला, अंग मऊ झाले आणि घाम आला की स्वेदन थांबवायचे, हे त्या अध्यायातले लक्षण मी स्वतःवर ताडून पाहिले आणि ते पटले. मावशीही कपाळावर घाम दिसला की तांब्या खाली ठेवीत.

दक्षतेच्या आणखी गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते. प्रसूतीत रक्त गेलेले असते, कित्येकींचे हिमोग्लोबिन आधीच कमी असते, आणि गरम पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावून रक्तदाब उतरतो. त्यामुळे पाटावरून एकदम उठले की डोळ्यांसमोर अंधारी येते. मला एकदा तशी आली होती, पण आई दारातच उभी असल्याने तिने सावरले. न्हाणीला आतून कडी लावायची नाही, आंघोळीपूर्वी काहीतरी खाल्लेले असावे, आणि नंतर पेलाभर पाणी किंवा पेज प्यावी. ताप 38 अंशांवर गेला, अंगावरून जाण्याला दुर्गंधी आली, तासाभरात कपडा पूर्ण भिजू लागला किंवा पोटरी एका बाजूने सुजून दुखू लागली, तर आंघोळ, शेक, काढा सगळे बाजूला ठेवून त्याच वेळी रुग्णालय गाठायचे. पूर्वी अशा तापाला "दुधाचा ताप" म्हणून घरीच पाणी ओतत बसत, आणि त्यात किती बायका गेल्या असतील याचा विचार केला की अंगावर काटा येतो.

शेगडीच्या बाबतीत मी घरच्यांशी स्पष्ट बोलले. बाळंतिणीच्या खोलीची दारे-खिडक्या बंद करून, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची पद्धत आमच्याकडे होती. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना वास असतो ना रंग, आणि बंद खोलीत तो आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर उठू शकतो. आजीला हे पटायला वेळ लागला. शेवटी शेगडी पडवीत ठेवायची, तिथे कापडाची घडी गरम करून खोलीत आणायची आणि कमरेला शेकायची, यावर तिने संमती दिली. ओवा, वावडिंग, बाळंतशेपा यांची धुरी आजी रोज मागत होती. ती आम्ही ओटीवर नुसती आजीचा मान राखण्यापुरती केली आणि बाळाला धुराजवळ नेले नाही. इवल्या फुप्फुसांना कसलाही धूर झेपत नाही. बाळाची आंघोळही साध्या, उकळून निवलेल्या कोमट पाण्यानेच होत असे. तिची त्वचा फार नाजूक होती, आणि निरगुडीचा तिला काहीच उपयोग नव्हता.

तिसऱ्या आठवड्यानंतर, टाके भरल्याचे डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावर, वैद्यांच्या सल्ल्याने निरगुडीऐवजी काही दिवस दशमुळांच्या काढ्याचे पाणी घेतले. बेल, शिवण, टेंटू, पाडळ, ऐरण या पाच वृक्षांची आणि सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी, गोखरू या पाच लहान वनस्पतींची मुळे त्यात असतात. काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेली भरड रात्री भिजवून सकाळी बराच वेळ उकळावी लागे. त्याचा वास मातीसारखा, मंद होता, आणि पाठीला त्याने चांगलाच आराम पडला, परंतु निरगुडीपेक्षा तो अधिक होता असे मी म्हणणार नाही. शिवाय एक गोष्ट मनाला लागून राहिली. वृक्षाचे मूळ काढणे म्हणजे तो वृक्ष गमावणे, आणि टेंटू, पाडळ यांची झाडे आधीच विरळ होत चालली आहेत. मुळांऐवजी खोडाची साल वापरण्याची पद्धत त्यामुळेच रूढ झाली आहे. निरगुडीची फांदी तोडली की पावसाळ्यानंतर ती दुप्पट फुटते. जिथे ओढ्याकाठचा पाला काम भागवतो, तिथे दहा वनस्पतींची मुळे कशाला खणायची, असे मला वाटते.

सव्वा महिना ही मुदत कुठून आली असेल, हाही विचार माझ्या मनात येई. गर्भाशय पूर्वीच्या आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात, आणि जागतिक आरोग्य संघटनाही प्रसूतीनंतरचा काळ सहा आठवड्यांचाच मानते. त्या काळात बाळंतिणीला चुलीपासून, धुण्यापासून, शेतापासून सुटी मिळे, आणि रोज तास-दीड तास कुणीतरी केवळ तिच्या शरीराकडे लक्ष देई. माझ्या मते या उपचाराचा अर्धा गुण इथे आहे. रोज आपली पाठ चोळणारे, "आज कशी हाय कंबर?" असे विचारणारे, रडू आले तर थांबून राहणारे माणूस असणे, हे त्या दिवसांत औषधाइतकेच लागते. ज्या घरांत हे माणूस नसते, तिथे निरगुडीच्या पाण्याचा टब भरून बाळंतिणीला एकटीला सोडून दिल्याने ते भरून निघत नाही. मावशींना आमच्याकडून रोजचे पैसे, शेवटी लुगडे-चोळी आणि धान्य दिले गेले, तरी त्यांच्या कामाच्या मानाने ते मला कमीच वाटले. त्यांच्या मुली-सुना हे काम शिकलेल्या नाहीत, कारण त्यात ना पुरेसा पैसा आहे ना मान. आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणात या बायकांनाही सामावून घेतले, हात धुणे आणि धोक्याची लक्षणे त्यांना नीट शिकवली आणि योग्य मेहनताना ठरवून दिला, तर त्यांचे कौशल्य कित्येक बाळंतिणींच्या उपयोगी पडेल.

माझ्या धाकट्या बहिणीचे बाळंतपण पुढे पुण्यात, शस्त्रक्रियेने झाले. तिच्यासाठी आम्ही हीच रीत बदलून घेतली. जखम भरल्याचे शल्यविशारदांनी सांगेपर्यंत पोटावरून पाणी ओतले नाही. फक्त गुडघ्यांखाली आणि पाठीवर, खुर्चीवर बसवून, निरगुडीच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या पंचाने शेकले. पोटाचा पट्टाही डॉक्टरांना विचारूनच, त्यांनी सांगितला तसा बांधला. पाला गावाहून वाळवून आणला होता, तो गॅसवर स्टीलच्या पातेल्यात झाकून मुरवला. वाळलेल्या पाल्याचा वास ताज्याइतका उग्र येत नाही, त्यामुळे तो थोडा अधिक घ्यावा लागला. मावशी पुण्याला येऊ शकल्या नाहीत, म्हणून ते काम आईने आणि मी वाटून घेतले, आणि पहिल्या दिवशी पाणी तयार झाल्यावर आईने त्यांना फोन लावून धार कुठून सुरू करायची ते पुन्हा एकदा विचारून घेतले.